ट्रेलर जोडला की निम्मी रेंज जाते कुठे?

डिसेंबर २०२५मध्ये फोर्डने एफ-१५० लाइटनिंग या आपल्या इलेक्ट्रिक पिकअप ट्रकचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. फोर्डचे एफ-मालिकेतले ट्रक १९७७पासून अमेरिकेत पिकअप ट्रकांच्या खपात पहिले आहेत. त्यामुळे त्यांच्या विजेवरच्या भावंडाने २०२२मध्ये येऊन इतक्या लवकर गाशा गुंडाळणं ही तिकडे मोठी बातमी ठरली. कारणं बरीच सांगितली गेली: मागणी अपेक्षेइतकी नाही, तोटा थांबत नाही, आणि इलेक्ट्रिक गाडीवरची ७,५०० डॉलरपर्यंतची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ला संपली. ही कारणं खरीच आहेत. पण त्याच घोषणेत आणखी एक गोष्ट होती. लाइटनिंग पुन्हा येणार आहे, तिची चाकंही विजेच्या मोटरनेच फिरणार आहेत, फक्त सोबतीला पेट्रोलवर चालणारा जनरेटर असेल. रॅम कंपनीनेही सप्टेंबर २०२५मध्ये निव्वळ बॅटरीवरचा मोठा पिकअप रद्द केला आणि जनरेटरवाल्या ट्रकवर भिस्त ठेवली.

विजेची गाडी, आणि तिच्या पोटात पेट्रोलचं इंजिन! हा उफराटा कारभार कशासाठी? कारणांची यादी कितीही लांब असली, तरी जनरेटरचं उत्तर बरंचसं ट्रकच्या मागच्या हुकात आहे. त्या हुकाला ट्रेलर अडकवला की इलेक्ट्रिक पिकअपची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापलं जाणारं अंतर, निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते.

आपल्याकडे पिकअप म्हणजे भाजी, सिमेंट, मंडपाचं सामान वाहणारी गाडी. अमेरिकेत पिकअप ही घरची गाडीही असते आणि कामाचीही. आठवडाभर ती ऑफिसला जाते आणि सुट्टीत तिच्यामागे बोट, घोड्यांची गाडी किंवा कॅम्पर जोडतात. कॅम्पर म्हणजे चाकांवरचं छोटं घर: आत पलंग, शेगडी, संडास, सगळं. तो घेऊन लोक शेकडो किलोमीटर लांबच्या राष्ट्रीय उद्यानांत जातात. वर्षातून तीनदाच जात असतील, पण ट्रक घेताना डोळ्यांसमोर त्या तीन सहलीच असतात.

## एकमेकांना न ओळखणारे दोन आकडे

जाहिरातीत दोन आकडे ठळक असतात. लाइटनिंगच्या मोठ्या बॅटरीच्या ट्रकसाठी ते असे होते: रेंज ३२० मैल, म्हणजे सुमारे ५१५ किलोमीटर, आणि ओढण्याची क्षमता १०,००० पौंड, म्हणजे साडेचार टन. वाचणारा नकळत दोन्ही जोडतो आणि साडेचार टन ओढत पाचशे किलोमीटर जाता येईल अशी समजूत करून घेतो.

हे दोन आकडे दोन वेगळ्या परीक्षांमधले आहेत. रेंजचा आकडा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या म्हणजे ईपीएच्या पद्धतीने काढतात, आणि त्या चाचणीत मागे ट्रेलर नसतो. ओढण्याची क्षमता ठरवायला वाहन अभियंत्यांच्या संघटनेचं एसएई जे२८०७ नावाचं मानक आहे. त्यातली प्रसिद्ध परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅम चढावर होते. सुमारे १८ किलोमीटरचा लांब चढ, एसी चालू, मागे पूर्ण ओझं, आणि वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली येऊ द्यायचा नाही. इंजिन तापतं का, ब्रेक धरतात का, गाडी ताब्यात राहते का, एवढंच ती परीक्षा विचारते. किती लांब जाल, हे विचारतच नाही.

ताकदीच्या बाबतीत इलेक्ट्रिक ट्रक कुठेही कमी नाही, उलट सरस आहे. मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळतो, गियर बदलताना धक्का नसतो, चढावर इंजिनाची घरघर नसते. ज्यांनी असा ट्रक जोडून चालवला आहे ते त्याच्या ओढीचं कौतुकच करतात. अडचण फक्त अंतराची आहे.

## ओझ्यापेक्षा वारा महाग

आता बॅटरीत मावतं किती ते पाहू. विजेच्या बिलावर जे ‘युनिट’ छापलेलं असतं, तेच शास्त्रातलं किलोवॅट-तास. लाइटनिंगच्या मोठ्या बॅटरीत वापरण्याजोगी १३१ युनिट वीज असते. एखाद्या छोट्या घराचं महिन्याचं बिल याहून कमी युनिटचं असतं. म्हणजे भांडं लहान नाही.

‘कार अँड ड्रायव्हर’ या अमेरिकी मासिकाने सुमारे २,७७० किलोचा, २९ फूट लांब कॅम्पर तीन इलेक्ट्रिक पिकअपना जोडून ताशी ७० मैलांनी, म्हणजे ११३ किलोमीटरच्या वेगाने पळवून पाहिला. लाइटनिंग सुमारे १६० किलोमीटर गेला, रिव्हियन आर१टी १७५ च्या आसपास, आणि अगडबंब बॅटरीचा हमर २२५. महामार्गाच्या याच वेगाला एकटा लाइटनिंग साधारण ३७० किलोमीटर जातो असं धरलं, तर निम्म्याहून जास्त रेंज कॅम्परने खाल्ली.

कोणालाही विचारा, उत्तर एकच येईल: ‘एवढं ओझं ओढायचं म्हटल्यावर वीज लागणारच.’ हे उत्तर आपल्या अनुभवातून आलेलं असतं. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या उसाने लादून कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर सगळ्यांनी पाहिलेला असतो. तिथे सगळा खेळ वजनाचा असतो, हे बरोबरच आहे. कारण ट्रॅक्टर ताशी १५-२० किलोमीटरने चालतो आणि त्या वेगाला हवा आडवी येत नाही. महामार्गावर मात्र हिशेब पालटतो.

गाडीला सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने पळताना मुख्यतः दोन गोष्टी अडवतात. एक, टायरचं घर्षण. ते वजनाच्या प्रमाणात वाढतं आणि वेगाने फारसं बदलत नाही. दुसरी, हवा. हवेला गाडीचं वजन कळत नाही. तिला कळतो तो गाडीचा समोरचा पसारा, तिचा आकार आणि वेग. तोही वेगाच्या वर्गाने, म्हणजे वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट.

लाइटनिंग स्वतः सुमारे तीन टनांचा. ताशी ११३ किलोमीटरला त्याचा ढोबळ हिशेब असा बसतो: दर १०० किलोमीटरला हवेपायी २६ युनिट, टायरपायी ९ युनिट, एकूण ३५. आता मागे कॅम्पर जोडा. त्याचं वजन जवळजवळ ट्रकइतकंच, म्हणून टायरचा खर्च ९ वरून १८ वर जातो. पण हवेचा खर्च २६ वरून थेट ६४ वर उडी मारतो, कारण कॅम्परचा दर्शनी भाग म्हणजे आठ फूट रुंद आणि दहा फुटांच्या आसपास उंच सपाट भिंत. ट्रकच्या टपावरून सुटलेली हवा त्या भिंतीवर आदळते, आणि मागच्या चौकोनी पाठीशी भोवरे होऊन गाडीला मागे खेचते. एकूण खर्च ८२ युनिट. १३१ भागिले ८२ केलं की १६० किलोमीटर येतात, म्हणजे चाचणीत आले तेवढेच.

वाढीव खर्च ४७ युनिटचा. त्यातले ३८ वाऱ्याने नेले आणि वजनाच्या वाट्याला फक्त ९ आले.

याच हिशेबाने तेवढ्याच वजनाचं, पण बुटकं ओझं ओढून पाहा. समजा सपाट ट्रेलरवर विटा किंवा लोखंडी पत्रे आहेत, जे ट्रकच्या आडोशाला राहतात. रेंज २७०-२८० किलोमीटरपर्यंत टिकते. वजन तेच, पण अंतर शंभरहून जास्त किलोमीटरांनी वाढलं. ‘मोटरट्रेंड’ मासिकाच्या चाचणीतही याची खूण सापडते. त्यांनी लाइटनिंगला तीन वेगवेगळे कॅम्पर लावले. सर्वांत हलका १,४०० किलोचा होता, त्याच्यासह ट्रक सुमारे १८५ किलोमीटर गेला. सर्वांत जड त्याच्या दुपटीहून जास्त होता, त्याच्यासह १४५. एकटा ट्रक त्यांच्या मोजणीत ४१० च्या आसपास गेला होता. म्हणजे पहिल्या, ‘हलक्या’ कॅम्परनेच २२५ किलोमीटर गिळले. पुढे वजन दुपटीहून वाढलं तेव्हा आणखी फक्त ४० गेले. पहिला घाव घातला तो भिंतीने.

म्हणून ‘साडेचार टन ओढतो’ हा आकडा रेंजच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी आहे. विचारायला हवं ते ट्रेलरची उंची किती, रुंदी किती आणि तुम्ही किती वेगाने नेणार. पण शोरूममध्ये चर्चा होते ती पौंडांची. पौंड सांगताना रुबाब वाटतो, चौरस फूट सांगताना वाटत नाही, दुसरं काय!

## ‘म्हणजे वजनाला काही किंमतच नाही?’

आहे, आणि ती चढावर वसूल होते. कोलोराडो राज्यातल्या डेन्व्हरहून पश्चिमेला आय-७० महामार्गाने निघालात तर साधारण ९५ किलोमीटरवर आयझेनहॉवर बोगदा लागतो. शहर १,६०० मीटर उंचीवर, बोगदा ३,४०० मीटर. ट्रक, कॅम्पर आणि माणसं मिळून पावणेसहा टन, आणि ते उचलायचे १,८०० मीटर. नुसत्या उंचीसाठी बॅटरीतून ३२ युनिट जातात, म्हणजे पूर्ण बॅटरीचा पाव हिस्सा. वारा आणि टायर यांचा खर्च शिवाय. शंभर टक्के भरून निघालेला ट्रक महामार्गाच्या वेगाने गेला, तर बोगद्याच्या तोंडाशी जेमतेम पंधरा-वीस टक्के उरलेले असतात. कोलोराडोत पहिल्यांदा कॅम्पर घेऊन गेलेल्या माणसाचा चेहरा तिथे पांढराफटक पडला तर नवल नाही.

पण चढाची एक चांगली बाजू आहे. उतारावर मोटर उलटं काम करते, जनरेटर होते आणि गाडीला आवरता आवरता वीज बॅटरीत परत भरते. चढताना दिलेल्या ३२ पैकी २० च्या आसपास युनिट उतरताना वसूल होऊ शकतात. सिग्नलला थांबतानाही तसंच. डोंगराला दिलेली वीज उसनी असते. थोडी तूट सोसून ती परत येते. वाऱ्याला दिलेली वीज गेली ती गेली. त्यामुळे जड आणि बुटका ट्रेलर घेऊन चढ-उताराच्या रस्त्याने हळू जाणं हे इलेक्ट्रिक ट्रकला आपण समजतो तितकं जड जात नाही. हलका पण उंच ट्रेलर घेऊन सपाट टेक्ससमधून सुसाट जाणं मात्र खरोखर महागात पडतं.

## ‘पेट्रोलच्या ट्रकलाही वारा लागतोच की!’

हा आक्षेप अगदी रास्त आहे. एकट्याने लिटरला ९-१० किलोमीटर देणारा पेट्रोल पिकअप मोठा कॅम्पर जोडला की चारच्या आसपास येतो. टक्क्यांत पाहिलं तर तोही निम्म्याहून जास्त पडला. मग ओरड एकट्या इलेक्ट्रिकचीच का?

कारण टाकीत आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ८.९ युनिट ऊर्जा असते. त्या मापाने लाइटनिंगची संपूर्ण बॅटरी म्हणजे १५ लिटरहून कमी पेट्रोल. पेट्रोलवरच्या एफ-१५०ला मोठी टाकी घेतली तर ती १३६ लिटरची येते, म्हणजे १,२०० युनिटहून जास्त. लाइटनिंगच्या नऊपट! एवढ्यातून इंजिन साधारण पाव हिस्साच चाकांपर्यंत पोचवतं, बाकीचं रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन उडून जातं. मोटर मात्र बॅटरीतल्या विजेपैकी ८५-९० टक्के चाकांना देते.

हा काटकसरी घरातला आणि उधळ्या घरातला फरक आहे. काटकसरी घर थोड्या पगारात महिना नीट काढतं, कारण तिथे वाया काही जातच नाही. पण दुप्पट जेवणारा पाहुणा मुक्कामाला आला की पंधरा तारखेलाच डबे रिकामे होतात. कमी करायला जागाच नसते. उधळ्या घराचाही खर्च पाहुण्याने दुप्पट होतो, फक्त तिथे पगारच नऊपट असतो, त्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही. १५ लिटर पेट्रोलइतक्या ऊर्जेवर तीन टनांचा ट्रक महामार्गावर ३७० किलोमीटर नेणं हा खरं तर पराक्रम आहे. ट्रेलर जोडला की तोच पराक्रम उघडा पडतो.

पेट्रोल इंजिनाला आणखी एक छुपा फायदा मिळतो. कमी ओझ्यावर ते फार अकार्यक्षम चालतं. ओझं वाढलं की त्याची कार्यक्षमता थोडी सुधारते, त्यामुळे मागणी जितकी वाढली तितकं पेट्रोल वाढत नाही. मोटर आधीपासूनच जवळजवळ कमालीवर असते. तिला सुधारायला वाव नाही.

आणि १३६ लिटरला लिटरमागे चार किलोमीटर धरले तरी ५४० किलोमीटर होतात, तेही पाच-सात मिनिटांत पुन्हा भरता येण्याजोगे.

## ‘मग मोठी बॅटरी बसवा’

बसवून झाली आहे. शेव्हरोले सिल्व्हेराडो ईव्ही आणि हमर ईव्ही यांच्या मोठ्या बॅटरीत २०० हून जास्त युनिट मावतात. मग हमर कॅम्परसह २२५ किलोमीटरवरच का थांबला? कारण तो ट्रक चार टनांहून जड आहे आणि त्यातली एकटी बॅटरीच सव्वा टनाच्या पुढे जाते. लाइटनिंगच्या दीडपट बॅटरी घेऊन अंतर १.४ पट मिळालं. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने सौदा वाईट नाही. पण किंमत, चार्जिंगचा वेळ आणि वजन या सगळ्याचा भार वर्षभर वाहायचा, तो त्या तीन सहलींसाठी.

दुसरी वाट जास्त हुशारीची वाटते: बॅटरी ट्रेलरमध्येच घालायची. कोलोराडोतल्या लाइटशिप कंपनीने ८० युनिटपर्यंत बॅटरी आणि स्वतःची मोटर असलेला कॅम्पर आणला आहे. तो स्वतःला ढकलतो, आणि रस्त्यावर असताना त्याचं छप्पर खाली बसलेलं असतं, मुक्कामाला पोचल्यावर वर उचलतात. म्हणजे ओझं आणि वारा दोघांचाही बंदोबस्त. त्याची किंमत ऐकून मात्र बहुतेक लोक हॉटेलात राहायला तयार होतात.

## कागदावरचे १६०, हातातले ११०

आता रस्त्यावरचं गणित. १६० किलोमीटरचा आकडा बॅटरी पूर्ण भरलेली ते पूर्ण रिकामी असा आहे. प्रवासात तसं कोणी चालवत नाही. दहा टक्क्यांच्या खाली उतरायला भीती वाटते, आणि ८० टक्क्यांच्या वर जलद चार्जरही गोगलगाय होतो, कारण भरत आलेल्या बॅटरीत जोराने वीज ढकलली तर तिला इजा होते. म्हणजे दोन चार्जरमध्ये वापरायला मिळते ती ७० टक्के बॅटरी, सुमारे ९२ युनिट. ८२च्या दराने ते ११० किलोमीटर झाले. तासभर चालवा, पाऊण तास चार्ज करा, पुन्हा तासभर चालवा.

त्यातून चार्जिंगच्या जागा पार्किंगसारख्या आखलेल्या असतात: नाक आत घाला, वायर लावा. मागे २९ फुटी कॅम्पर असेल तर तो वाटेत आडवा येतो. मग आधी ट्रेलर सोडा, ट्रक चार्ज करा, पुन्हा जोडा. पेट्रोल पंपासारख्या आरपार निघता येणाऱ्या जागा अजून थोड्या आहेत. माझ्या मते अमेरिकेत इलेक्ट्रिक पिकअपचं नुकसान बॅटरीने जितकं केलं, तितकंच या आखणीनेही केलं. आणि हे फक्त काँक्रीट ओतून सुटणारं काम होतं.

यावर सर्वांत स्वस्त औषध म्हणजे वेग कमी करणं. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला कायद्यानेच ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटरची मर्यादा आहे. कायदा सुरक्षेसाठी आहे, पण बॅटरीलाही तो मानवतो. ११३ वरून ८९ वर आलात की हवेचा खर्च ६४ वरून ३९ युनिटवर उतरतो, एकूण ५७ होतो आणि १६० किलोमीटरची रेंज २३० होते. कशावर एक पैसा खर्च न करता.

‘पण मग पोचायला रात्र होईल!’ पाहू. ८०० किलोमीटरचा प्रवास धरा आणि घरून बॅटरी पूर्ण भरून निघा. ११३ च्या वेगाने चाकांवरचे सात तास, आणि वाटेत सहा थांबे. पाऊण तास चार्जिंग आणि पाव तास ट्रेलर सोडणं-जोडणं असा प्रत्येक थांबा तासाचा धरला तर एकूण तेरा तास. ८९ च्या वेगाने चाकांवरचे नऊ तास आणि चार थांबे. एकूण तेरा तास! घाईने काही पदरात पडत नाही, फक्त दोन वेळा जास्त ट्रेलर सोडावा लागतो आणि विजेचं बिल वाढतं.

थंडीत आणखी वजावट करावी लागते. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या २०१९च्या चाचण्यांत उणे ७ अंशांना हीटर लावून इलेक्ट्रिक गाड्यांची रेंज सरासरी ४१ टक्के घटली होती. तो आकडा एकट्या गाड्यांचा आहे. ट्रेलर ओढताना हीटरचा वाटा तुलनेने कमी दिसतो, कारण मूळ खर्चच अवाढव्य झालेला असतो. पण थंड हवा जास्त दाट असते, म्हणून वाऱ्याचा विरोध थोडा वाढतो.

## जनरेटर नेमकं काय सोडवतो

आता सुरुवातीच्या कोड्याकडे वळू. रॅमच्या जनरेटरवाल्या ट्रकचं जाहीर झालेलं रूप असं आहे: ९२ युनिटची बॅटरी, ३.६ लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, आणि त्याला जोडलेला १३० किलोवॅटचा जनरेटर. इंजिन चाकांना जोडलेलंच नाही. ते फक्त वीज तयार करतं.

१३०च का? आपलाच हिशेब पुढे न्या. दर १०० किलोमीटरला ८२ युनिट आणि ताशी ११३ किलोमीटर वेग, म्हणजे ताशी सुमारे ९२ युनिट लागतात. सपाट रस्त्यावर कॅम्पर ओढायला सतत ९२ किलोवॅटचा पुरवठा हवा. जनरेटर १३० देतो, म्हणजे गाडी चालवून वर बॅटरीही भरत राहतो. आयझेनहॉवर बोगद्याच्या सात टक्क्यांच्या चढावर मागणी दोनशेच्या वर उसळते. तेवढ्यापुरती तूट बॅटरी भरून काढते आणि उतारावर पुन्हा भरून घेते. दैनंदिन फिरणं विजेवर, लांबची ओढ पेट्रोलवर.

यावर शुद्ध विजेचे समर्थक नाक मुरडतात. पेट्रोलचं इंजिन आलं की ऑइल बदलणं आलं, सायलेन्सर आला, धूरही आला. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण वर्षातल्या तीन सहलींसाठी सव्वा टनाची बॅटरी वर्षभर मिरवण्यापेक्षा ही तडजोड मला जास्त शहाणपणाची वाटते. लोक विकत घेतील का, हा वेगळा प्रश्न.

## कोणाचं काम आजच भागतं

इलेक्ट्रिक पिकअप ओढायला नालायक आहे, असा अर्थ यातून काढू नये. बागकाम करणारा, रंगारी, छोटा बांधकाम ठेकेदार रोज सकाळी सपाट ट्रेलर जोडून गावातल्या गावात साठ-सत्तर किलोमीटर फिरतो आणि रात्री घरी चार्जिंगला लावतो. वेग कमी, ट्रेलर बुटका, थांबे भरपूर. त्याच्यासाठी हा ट्रक उत्तम आहे आणि पेट्रोलपेक्षा स्वस्तही पडतो. तळ्यापर्यंत चाळीस किलोमीटर बोट नेणाऱ्याचंही भागतं. अडतो तो फक्त उंच कॅम्पर घेऊन लांब जाणारा.

अमेरिकेत असा ट्रक, जुना का होईना, घ्यायचा विचार असेल तर कंपनीचा रेंजचा आकडा बाजूला ठेवा. ट्रेलर उंच असेल तर त्याचा तिसरा हिस्सा धरा, बुटका असेल तर निम्मा, आणि तेवढ्यात पुढचा चार्जर येतो का ते नकाशावर पाहा. लाइटनिंगसारखे ट्रक ट्रेलरची माहिती भरायला सांगतात आणि त्यानुसार पडद्यावरचा अंदाज सुधारतात. ती माहिती न भरता निघणं म्हणजे स्वतःलाच फसवणं.

## आपल्या घाटात मात्र उलटं

हाच नियम महाराष्ट्रात आणला की निकाल बदलतो. इथे कॅम्पर नाहीत, पण कंटेनर आहेत. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत जुलै २०२५पासून इलेक्ट्रिक ट्रकना ९.६ लाख रुपयांपर्यंत प्रोत्साहन जाहीर झालं, त्यामुळे चाकण-उरण मार्गावरच्या मालवाहतुकीत हा विषय आता ऐकायला मिळतो.

कंटेनर घेतलेला ४० टनांचा ट्रक ताशी ६० किलोमीटरने चालतो, तेव्हा टायरचा विरोध हवेच्या दुपटीहून जास्त असतो. उसाच्या ट्रॉलीचंच गणित, फक्त मोठं. आणि घाट आला की वजन पूर्ण वसुली करतं. खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरची चढण ४० टनांनिशी चढायला ६८ युनिट लागतात. लाइटनिंगची अर्धी बॅटरी एका घाटात.

पण माल बहुतेक निर्यातीचा असेल, तर चित्र उलटतं. चाकणहून भरलेला ट्रक न्हावाशेवा बंदराकडे घाट उतरतो तेव्हा टायर आणि वारा यांचा वाटा वजा जाता ४० च्या आसपास युनिट बॅटरीत परत येऊ शकतात. तोच ट्रक रिकामा, समजा १७ टनांचा, परत घाट चढतो तेव्हा उंचीसाठी त्याला ३० च्या आतबाहेर युनिट लागतात. म्हणजे त्या फेरीत घाटाची उंची जवळजवळ फुकटात पार पडते. अट एकच: घाटमाथ्यावर पोचताना बॅटरी पूर्ण भरलेली नको, नाहीतर परत येणाऱ्या विजेला जागाच राहत नाही आणि ती साध्या ब्रेकमध्ये उष्णता होऊन जळून जाते. म्हणून अशा ट्रकने घाट उतरण्याआधी बॅटरीत तेवढी जागा राहील असं पाहावं, आणि आयातीचा माल घेऊन चढायचा असेल त्या दिवशी मात्र बंदरातून पूर्ण भरून निघावं.